घडव्याची घडणावळ

दागिना म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम सोने उभे राहते आणि त्याच्या मागोमाग चांदी. सराफाच्या पेढीवर दागिना तोलला जातो, त्या दिवसाच्या भावाने त्याची किंमत मांडली जाते आणि हिशेबाच्या अखेरीस आणखी एक रक्कम तीत मिळवली जाते. ह्या रकमेला मराठीत ‘घडणावळ’ असा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. गंमत अशी की, सोन्याच्या भावाविषयी कोणतेही गिऱ्हाईक सहसा वाद घालीत नाही. घासाघीस होते ती घडणावळीवर. पुढे कधी अडीअडचणीला तोच दागिना मोडावयास नेला, तर सोन्याचे पैसे परत मिळतात. घडणावळ मात्र बुडते. धातूचे मोल निर्विवाद आणि हाताचे मोल वादग्रस्त, हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही विचार करण्यासारखे आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

परंतु ज्या दागिन्यात धातूचे मोल जवळजवळ नाहीच, अशा दागिन्याचा विचार केला म्हणजे हा प्रश्न अगदी उघडा होऊन समोर येतो. मोडीत निघालेल्या पितळी भांड्यांचा धातू, शेतातली आणि वारुळाची माती, रानातल्या पोळ्याचे मेण आणि सरपण, एवढ्या सामग्रीतून जो दागिना जन्माला येतो, त्यात घडणावळीवाचून दुसरे मोल कसले? असा दागिना घडविणारे कारागीर आजही भारतात आहेत. छत्तीसगढ राज्यातील बस्तरच्या मुलखात त्यांना ‘घडवा’ म्हणतात. घडणे ह्या क्रियेवरूनच हे नाव पडले, असे ते स्वतः सांगतात. ह्या नावाविषयी एक आख्यायिकाही तिकडे सांगितली जाते. एका कारागिराने बस्तरच्या राजाला त्याच्या प्रियेसाठी एक कंठभूषण घडवून दिले, ते पाहून राजा प्रसन्न झाला आणि त्याने त्या कारागिराला ‘घडवा’ ही पदवी दिली. आख्यायिकेतले इतिहासाचे प्रमाण काहीही असो. पण एका समाजाचे नाव त्याने जिंकलेल्या राज्यावरून नव्हे, त्याला मिळालेल्या जमिनीवरूनही नव्हे, तर त्याने घडविलेल्या एका दागिन्यावरून पडले असे तो समाज मानतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बस्तर हा मराठी माणसाला अगदीच परका मुलूख नव्हे. गडचिरोली जिल्ह्याची हद्द ओलांडली की बस्तरची अरण्ये लागतात. तेथील व्यवहाराची हलबी बोली मराठीच्या इतकी जवळ आहे की, ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1905 साली निघालेल्या मराठीविषयक सातव्या खंडातच तिचा समावेश केला. घडवे हीच बोली बोलतात. त्यांची घरे विशेषेकरून कोंडागाव व त्याच्या आसपासच्या गावांतून आहेत. जगदलपूरच्या उत्तरेस रायपूरच्या रस्त्यावर हे गाव लागते. 2012 पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले आहे. ह्याच जातीचे काम बंगालमध्ये बांकुडा व बर्दवान ह्या भागांत, ओडिशात आणि तेलंगणाच्या आदिलाबादकडेही चालते आणि सर्वसाधारणपणे त्याला ‘ढोकरा’ हे नाव आहे. आपल्याकडेही ओतकाम करणाऱ्यांना ‘ओतारी’ म्हणतातच.

ह्या कामासाठी वेगळा कारखाना नसतो. घर हाच कारखाना. ओसरीवर गाभे वळले जातात, अंगणात ते वाळत पडतात, परसात भट्टी पेटते. घरातील बायका माती मळतात, मेणाचे धागे काढतात आणि गाभ्यावर गुंडाळतात. मुले बघता बघता शिकतात. आणि धातू ओतण्याचे जोखमीचे काम बहुधा घरातला कर्ता पुरुष करतो. एक पैंजण घडावयाचा म्हणजे साऱ्या घराचे हात त्यास लागतात. म्हणूनच त्या पैंजणाची घडणावळ एकट्या माणसाची मजुरी म्हणून मोजता येत नाही, ती घराची मजुरी असते.

आता हा दागिना घडतो कसा, ते क्रमाने पाहू. समजा, पायात घालावयाचा एक पोकळ, जाडसर वाळा करावयाचा आहे. बस्तरकडे पायातल्या अशा दागिन्यास ‘पैरी’ म्हणतात. प्रथम शेतातली चिकणमाती आणून ती चाळतात व तीत भाताचे तूस मिसळून मळतात. ह्या मातीचा, होऊ घातलेल्या वाळ्याहून किंचित बारीक असा गाभा वळतात. तूस कशाकरिता, असे कोणी विचारील. माती भट्टीत तापली म्हणजे आतले तूस जळून जाते आणि त्याच्या जागी असंख्य बारीक छिद्रे राहतात. पुढे तापलेला धातू आत शिरतो, तेव्हा आतली हवा आणि वाफ ह्याच छिद्रांतून वाट काढते. ती वाट नसेल तर धातू अडखळतो आणि दागिन्याला भोके पडतात. गाभा उन्हात चांगला वाळला की त्यावर बारीक मातीचा हात फिरवून तो गुळगुळीत करतात आणि मग त्यावर वालाच्या वर्गातल्या वेलीची पाने चोळतात. त्या पानांच्या रसाने पृष्ठभाग असा होतो की, मेण त्याला धरून बसते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही. कोण्या आजीने कोण्या काळी ती पाने चोळून पाहिली असतील, एवढाच त्याचा इतिहास.

ह्यानंतर सुरू होते ते मेणाचे काम. घडव्याची खरी कला इथेच आहे. रानातल्या मधमाश्यांचे मेण पाण्यात उकळून, कापडाने गाळून स्वच्छ करतात. त्यात पुष्कळदा राळ मिसळतात, म्हणजे मेणाला ताठपणा येतो. मग हे कोमट, मऊ मेण पिचकारीसारख्या एका नळीत भरून दाबतात. नळीच्या तोंडाशी भोकाची चकती असते. तिच्यातून शेवयांसारखा मेणाचा सारख्या जाडीचा धागा बाहेर पडतो. हा धागा गाभ्यावर वेढ्याशेजारी वेढा असा गुंडाळीत जावयाचे. कोठे फट राहता कामा नये आणि कोठे एकावर एक चढताही कामा नये. सारा गाभा झाकला की त्यावर नक्षी येते. धाग्याची वेणी, धाग्याची वेटोळी, मेणाच्या बारीक गोळ्यांची रांग, एखादे पान, एखादा मासा. ह्या वस्तूंवर ज्या समांतर रेषा दिसतात, त्या पाहून शहरातला माणूस समजतो की, ही मुद्दाम केलेली नक्षी आहे. वस्तुतः त्या रेषा म्हणजे मेणाच्या धाग्याचे वेढे होत. धागा वापरल्यामुळे धातूची जाडी सर्वत्र सारखी राहते आणि धातू वाया जात नाही. सौंदर्य हे त्या काटकसरीच्या पाठोपाठ आलेले आहे. काटकसर आणि शोभा ह्यांचा असा मेळ आपल्या बोरमाळेतही दिसतो. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. घडव्याने लाखेच्या जागी माती वापरली, एवढाच काय तो भेद.

मेणाचा वाळा तयार झाला म्हणजे तो मातीत पुरावयाचा. पहिला लेप अगदी बारीक मातीचा असतो. तीत कोळशाची वस्त्रगाळ पूड मिसळतात. ह्या लेपाने मेणावरील प्रत्येक रेषेचा ठसा घ्यावयाचा असतो, म्हणून तो घाईने थापून चालत नाही. तो सावलीत वाळू दिल्यावर वारुळाच्या मातीचा आणि तुसाचा जाड लेप येतो. वारुळाची माती बारीक व चिकट असते आणि आगीत सहसा तडकत नाही. लेप देताना धातू आत शिरण्यासाठी एक वाट मोकळी ठेवलेली असते. ही वाटही मेणाचीच केलेली असते, म्हणजे मेण वितळताच ती आपोआप मोकळी होते.

येथे एक छोटासा हिशेब सांगण्यासारखा आहे. किती मेणाला किती धातू लागेल, हे घडव्याला कसे कळते? सारख्या आकाराचे मेण आणि पितळ तोलून पाहिले, तर पितळ सुमारे नऊपट भरते. म्हणजे वाटेच्या मेणासकट 10 ग्रॅम मेण लागले असेल, तर सुमारे 90 ग्रॅम पितळ हवे आणि सांडलवंडीसाठी थोडे अधिक. हा ताळा आपल्या देशाला फार जुन्या काळापासून ठाऊक होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथात मेणाची मूर्ती करून धातू ओतण्याची रीत दिली आहे. प्रथम मेण तोलून घ्यावे आणि त्याच्या प्रमाणात धातू घ्यावा, अशी त्यात स्पष्ट सूचना आहे. हाच तो ग्रंथ की, ज्यात मराठी पद्यरचनेचे फार जुने नमुने आढळतात. संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’ म्हणतात, म्हणजे मधाचे उष्टे. मध काढून घेतल्यावर जे उरते, त्याच्या आधाराने देवांच्या मूर्ती आणि माणसांचे दागिने घडले.

धातू ओतण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत सर्वांना कळण्यासारखी आहे. साचा तापवून त्यातले मेण काढून टाकावयाचे, दुसरीकडे मुशीत धातू वितळवावयाचा आणि तो तापलेल्या साच्यात ओतावयाचा. दुसरी रीत अधिक चतुर आहे. तीत साच्याच्या तोंडाशीच मातीची एक वाटी जोडतात, तिच्यात पितळेचे तुकडे भरतात आणि वरून मातीने सारे बंद करून टाकतात. अशा तऱ्हेने साचा आणि मूस मिळून मातीचे एकच बंद फळ तयार होते. हे फळ भट्टीत ठेवताना धातूची बाजू खाली आणि साच्याची बाजू वर असते. उष्णतेने मेण वितळते. काही मातीत जिरते, काही जळून जाते. धातू पाण्यासारखा झाला, अशी खात्री पटली की कारागीर सांडशीने ते लाल झालेले फळ उचलतो आणि उलटे करतो. क्षणात धातू खालच्या पोकळीत उतरतो. मेण जेथे जेथे होते तेथे तेथे तो जाऊन बसतो.

ही खात्री पटते कशी, हा खरा प्रश्न आहे; कारण मातीच्या बंद फळाच्या आत काय चालले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. पितळ हा तांबे आणि जस्त ह्यांचा मिश्रधातू. तो साधारण 900 ते 940 अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतो आणि जस्त 907 अंशांनाच उकळू लागते. म्हणजे पितळ वितळावयास आणि त्यातले जस्त वाफ होऊन उडू लागावयास जवळजवळ एकच गाठ पडते. त्या वाफेने भट्टीच्या ज्वालेला हिरवट छटा येते. घडवा ती छटा पाहतो आणि उठतो. त्याच्यापाशी उष्णतामापक यंत्र नसते. ज्वालेचा रंग हेच त्याचे यंत्र. क्षणभर लवकर उठला तर धातू अर्ध्या वाटेत गोठतो. उशीर केला तर जस्त उडून जाते आणि धातू सच्छिद्र होतो. साचा बंद ठेवण्यातले मर्मही हेच की, जस्ताची वाफ फारशी बाहेर पडू नये.

साचा निवला की तो फोडतात. घडव्याच्या कामातला हा क्षण सर्वांत महत्त्वाचा. मेण तर आधीच नाहीसे झालेले असते, आता साचाही फुटला. ज्याच्यावरून दुसरा तसाच दागिना काढता येईल असे काहीच मागे उरत नाही. हा वाळा आवडला, म्हणून त्याचा जोड हवा असेल, तर पुन्हा माती मळण्यापासून आरंभ करावयास हवा आणि दुसरा वाळा पहिल्याचा भाऊ होईल, प्रतिबिंब होणार नाही. मग आतली माती कोरून काढतात, राहिलेली वाट कापतात, कानशीने कडा घासतात आणि चिंचेच्या पाण्याने धुऊन, घासून त्याला उजाळा देतात. वाळ्यात घुंगरू हवे असले, तर गाभा वळतानाच मातीच्या पोटात एक खडा ठेवलेला असतो. पुढे माती कोरून काढली की खडा आत मोकळा होतो आणि वाजू लागतो. घुंगरात खडा शिरला कसा, हे कोडे लहान मुलांना पडते. त्याचे उत्तर असे की, खडा घुंगरात शिरलेलाच नाही, घुंगरू त्याच्याभोवती घडले.

सगळेच साचे यशस्वी होतात असे नव्हे. माती पुरती वाळलेली नसली तर वाफेच्या जोराने साचा तडकतो. एखाद्या पातळ जागी धातू पोहोचत नाही आणि तेथे भोक राहते. अशा वेळी त्या भोकावर पुन्हा मेण लावून, पुन्हा मातीचा लेप देऊन तेवढ्यापुरता धातू पुन्हा ओततात. पावसाळ्यात तर काम जवळजवळ थांबते. कारण माती वाळत नाही आणि सरपण ओले असते. लहानशा लोलकालाही ह्या सर्व पायऱ्या चुकत नाहीत. मोठ्या मूर्तीपेक्षा त्याला माती कमी लागते, मेण कमी लागते. परंतु वाळण्याचे दिवस थोडेच कमी होतात आणि बोटांचे काम तर अधिकच बारीक होते.

ही विद्या किती जुनी आहे, हे सांगावयास हवे. मोहेंजोदडो येथे 1926 साली सापडलेली सुमारे साडेदहा सेंटिमीटर उंचीची ‘नर्तकी’ म्हणून प्रसिद्ध असलेली काशाची मूर्ती मेण वितळविण्याच्या ह्याच रीतीने ओतलेली आहे. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या अंगावर वस्त्र नाही. पण गळ्यात हार आहे आणि डावा हात खांद्यापर्यंत कांकणांनी भरलेला आहे. त्या नगरांतून भाजलेल्या मातीच्या बांगड्या व मणी विपुल सापडले आहेत. म्हणजे मातीचा दागिना आणि मातीतून निघालेला धातूचा दागिना, हे दोन्ही आपल्याकडे चार हजार वर्षांहून अधिक काळ सोबतीने चालत आले. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली मिळालेल्या बैलांच्या रथाच्या, हत्तीच्या, गेंड्याच्या आणि रेड्याच्या भरीव मूर्ती मेणाच्याच रीतीने ओतलेल्या आहेत. स्वतंत्र भारतात ह्या कलेकडे लक्ष गेले ते 1952 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या काळात. रूथ रीव्हज ह्या विदुषीने भारतातील ओतकामावर लिहिलेले पुस्तक 1962 साली दिल्लीत प्रसिद्ध झाले. पुढे कोंडागावचे जयदेव बघेल ह्यांच्यासारख्या कारागिरांच्या कामाला राष्ट्रीय सन्मान मिळाले आणि बस्तरचे काम परदेशांतील प्रदर्शनांतूनही गेले.

परंतु सन्मान ही एक गोष्ट आणि भाकरी ही दुसरी. पूर्वी घडव्याचे गिऱ्हाईक शेजारच्या पाड्यातच होते. लग्नात पैरी लागे, देवाला घंटा लागे, धान्य मोजावयास माप लागे. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखीत. मोबदला कधी पैशात मिळे, कधी धान्यात. पुढे जड पैरी मागे पडली. काचेच्या बांगड्या, कारखान्यातले हलके दागिने आणि पत्र्याची मापे गावोगाव पोहोचली. घडव्याचे गिऱ्हाईक आता दूरच्या शहरात राहते. त्याला पैरी नको, पण दिवाणखान्यात ठेवावयास हत्ती हवा आणि अलीकडे दोऱ्यात ओवावयाचा लोलक व कानातली डूलही हवी. हे गिऱ्हाईक आणि घडवा ह्यांच्यामध्ये व्यापारी आला. आणि व्यापाऱ्याच्या हातात आला तराजू.

पुष्कळदा ही वस्तू किलोच्या भावाने घेतली जाते. पहिल्या परिच्छेदातील सराफाची पेढी आठवावी. तेथे निदान तोलल्यानंतर घडणावळीची वेगळी ओळ तरी असते. येथे तीही नाही. जो दागिना केवळ घडणावळीचाच झालेला आहे, तोच धातू म्हणून तोलला जातो! ह्याचा परिणाम सरळ आहे. जे वजनावर विकले जाते ते वजनदार करण्याकडे हात वळतो. पातळ, पोकळ, बारीक धाग्याचे काम करणारी बाई दिवसभर बसून जेवढे मिळवील, त्याहून अधिक मिळते जाड धाग्याच्या, ओबडधोबड, भरीव वस्तूला. काटकसर हा ह्या कलेचा प्राण होता आणि तोलाईचा व्यवहार त्या काटकसरीलाच दंड करतो. एखाद्या लोलकाचे वजन जेमतेम 20 ग्रॅम भरले तर किलोच्या भावाने त्याचे काय येणार? कोणत्याही कलेचा ऱ्हास होतो तो तिच्या निंदेने नव्हे. चुकीच्या मापाने मोजल्यामुळे होतो.

दुसरी स्पर्धा यंत्राची. विशेष असे की, आजचे सोन्याचे कारखानेही मेण वितळविण्याचीच रीत वापरतात. तेथे एका मूळ दागिन्यावरून रबराचा साचा करतात, त्यात मेण दाबून शेकडो एकसारख्या प्रती काढतात, त्या झाडाच्या फांद्यांप्रमाणे एका दांड्यावर बसवितात आणि एकाच वेळी ओततात. ही रीत गैर आहे असे नव्हे. पण घडव्याच्या कामात मूळ वस्तू उरत नाही आणि कारखान्यात मूळ वस्तूच सांभाळून ठेवलेली असते. तेथे पहिला दागिना घडविणाऱ्याच्या हाताला एकदाच दाम मिळतो. ढोकऱ्यासारख्या रेषा उमटविलेले यंत्राचे दागिनेही बाजारात येऊ शकतात आणि तराजूला त्या दोहोंतला भेद कळत नाही.

तिसरी गोष्ट क्वचितच बोलली जाते. ती म्हणजे धूर. पितळ वितळताना जस्ताची वाफ हवेत मिसळते आणि तिची पांढरी भुकटी श्वासातून शरीरात जाते. संध्याकाळी थंडी वाजून ताप यावा, घसा कोरडा पडावा, अंग दुखावे, असा एक विकार ओतकाम करणाऱ्यांना होतो; वैद्यकात तो धातूच्या धुराचा ताप म्हणून ओळखला जातो. तो बहुधा दीडदोन दिवसांत उतरतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. त्यातून भंगाराच्या पितळेत शिसे असण्याचा संभव असतो आणि शिसे तर एकदा अंगात गेले की लवकर निघत नाही. भट्टी परसात, म्हणजे मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून फार दूर नसते. उंच धुराडे, वाऱ्याची दिशा पाहून बांधलेली भट्टी आणि पारखून घेतलेला धातू, ह्यांचा खर्चही घडणावळीतच धरावयास हवा. कारण तो न धरल्यास ती किंमत कारागिराचे शरीर भरते.

शासनाने काही केलेच नाही, असे म्हणता येणार नाही. भौगोलिक ओळख देणारा कायदा 1999 साली झाला आणि 2003 मध्ये तो अमलात आला. त्या कायद्याखाली 2008 साली ‘बस्तर ढोकरा’ ह्या नावाची नोंद झाली. 2018 साली बंगाल आणि आदिलाबाद येथील ढोकऱ्यालाही तशी नोंद मिळाली. ह्या नोंदीने नावाचे रक्षण होते. दुसऱ्या बाजूस सोन्याच्या दागिन्यांवर भारतीय मानक ब्यूरोचा शुद्धतेचा छाप 2000 सालापासून मिळू लागला आणि 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला. त्या छापाने धातूचे रक्षण होते. नाव सुरक्षित झाले, धातू सुरक्षित झाला. हात मात्र अजून उघड्यावरच आहे. एखाद्या वस्तूत कोणाचे किती दिवस गेले, हे सांगणारा छाप अद्याप निघालेला नाही.

तो निघेपर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही. सहकारी संस्थांनी आणि विक्रीकेंद्रांनी एवढेच ठरविले तरी पुष्कळ होईल की, पावतीवर दोन ओळी असाव्यात, एक धातूची आणि एक घडणावळीची. धातूची ओळ तराजू ठरवील. घडणावळीची ओळ दिवस ठरवतील. अशी पावती हाती आल्यावर गिऱ्हाईकाला प्रथमच दिसेल की, आपण दिलेल्या पैशांत पितळ किती आणि माणूस किती. धागा काढणाऱ्या बाईचे नावही त्या पावतीवर यावयास हरकत नाही. कारण आजपर्यंत बहुतेक वेळा नाव लागले ते धातू ओतणाऱ्याचे, आणि ज्या धाग्यावर सारे उभे आहे तो काढणारे हात निनावी राहिले.

अलीकडे शहरांतूनही, विशेषतः स्त्रिया, घरच्या घरी मातीचे व धातूचे दागिने करू लागल्या आहेत. कोणी चिकणमातीचे मणी वळून, सावलीत वाळवून, भट्टीत भाजून माळा ओवतात. भट्टीत हवा मोकळी असली तर मणी तांबडे होतात. हवा कोंडून धूर केला तर तेच काळे निघतात. जपानमध्ये 1990 च्या दशकात चांदीची अतिसूक्ष्म पूड, पाणी आणि जळून जाणारा चिकट पदार्थ मिसळून चक्क ‘धातूची माती’ तयार करण्यात आली. ती कणकेसारखी मळता येते, हवा तो आकार देऊन भाजली की चिकट पदार्थ जळून जातो, वस्तू थोडी आकसते आणि हातात निखळ चांदी उरते. घडव्याच्या घरी माती धातूला आकार देते, येथे धातूच माती होऊन येतो. साधने निराळी असली तरी दोहोंकडे एक गोष्ट समान आहे. दागिना बोटांखाली, घरातच घडतो. ज्यांनी स्वतः एखादा मणी वळला, भाजला आणि तडकलेला पाहिला, त्यांना कोंडागावच्या लोलकाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. असे गिऱ्हाईक वाढणे ही घडव्याच्या दृष्टीने कोणत्याही सन्मानपत्राइतकीच मोलाची गोष्ट होय.

मेण जाते, साचा फुटतो, धूर विरतो. घडणाऱ्याच्या हाती उरतो एकच दागिना, आणि तोही लवकरच दुसऱ्याच्या घरी जातो. त्याच्याबरोबर घडणावळ त्याच्या घरी परत येते की नाही, एवढाच प्रश्न आहे. तो प्रश्न बस्तरच्या अंगणात सुटणारा नव्हे. तो सुटेल जेथे दागिना विकत घेतला जातो तेथे, आणि ज्या मराठी घरांतून ‘घडणावळ’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेला, त्या घरांनी तो थोडा अधिक मानाने उच्चारला, तर ती सुरुवात काही लहान ठरणार नाही.